अत्तराच्या थेंबाचे गणित



कोकणात आपल्या पूर्वजांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारी घाणा बंद, बाकीचे दिवस तेल गाळणे हा धंदा. त्यामुळे तेल म्हटले की आपल्या माणसाला भीती वाटत नाही. खोबरेल डोक्यावर थापायचे, तिळाचे तेल गुडघ्याला चोळायचे, बाळाच्या टाळूवर वाटीभर जिरवायचे. तेल जास्त झाले म्हणून कोणाचे काही बिघडल्याचे आपण ऐकले नाही.

पण आजकाल इथल्या दुकानांत छोट्या गडद बाटल्यांतून जे तेल मिळते, ते हे तेल नव्हे. त्यावर ‘शेमेन एतेरी’ असे लिहिलेले असते. इंग्रजीत त्याला इसेन्शियल ऑइल म्हणतात. आपण त्याला अर्क-तेल म्हणू. ते घाण्यावर निघत नाही. फुले, पाने, साल किंवा मुळे वाफेवर ठेवून ते काढतात. लिंबू-संत्र्याचे मात्र साल दाबून काढतात. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. एवढ्यावरून त्या एका थेंबात किती जोर असेल याची कल्पना यावी.

गेली काही वर्षे आपल्या अनेक भगिनी हौसेने घरी अत्तर करतात. विकतच्या सेंटने डोके दुखते, घरचे नैसर्गिक बरे, असे त्या म्हणतात. हौस चांगली आहे. मी स्वतः करते. पण त्यात थोडे गणित आहे, आणि ते न केल्यामुळे काय होते ते मी जवळून पाहिले आहे.

मावशींची बाटली

मी पूर्वी दवाखान्यात परिचारिका होते, म्हणून अजूनही शेजारीपाजारी दुखले-खुपले की मला हाक मारतात. एके दिवशी ओळखीच्या एका मावशींचा फोन आला. “बाय, जरा ये गं. पोरीची मान बघ.”

नातीचे लग्न आठ दिवसांवर आले होते. मावशींनी तिच्यासाठी मेंदीच्या दिवशी लावायला स्वतःच्या हाताने अत्तर केले होते. दहा मिलीच्या बाटलीत बदामाचे तेल आणि त्यात वीस थेंब अर्क : बर्गमोट पाच, कागदी लिंबू पाच, लवंग चार, गवती चहा सहा. वास खरोखर सुरेख होता. नातीला इतका आवडला की मेंदीपर्यंत थांबवले नाही. तिने मानेला दोन्ही बाजूंनी लावले आणि मैत्रिणींबरोबर अश्कलोनच्या समुद्रावर गेली. दिवसभर ऊन. रात्री मान तांबडी झाली, दुसऱ्या दिवशी फोड आले. जिथे तेलाचा ओघळ गेला होता, बरोबर त्या रेघेवर.

मावशींचा चेहरा मला आठवतो. “तेल तर शुद्ध होतं गं. महागातलं आणलं होतं. काही भेसळ नव्हती त्यात.”

खरेच नव्हती. पण शुद्ध म्हणजे निर्धोक असे थोडेच आहे? बिब्बा शुद्धच असतो. तो अंगावर उतला तर काय होते, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. काजूच्या टरफलातले तेलही नैसर्गिकच, पण उघड्या हाताने कोणी काजू फोडत नाही. इथेही तेच. दोष तेलाचा नव्हता. किती थेंबांना किती साधे तेल, हे मोजले नव्हते.

पहिले गणित : एकूण किती थेंब?

अर्क-तेल नेहमी साध्या तेलात मिसळून लावायचे. तसेच कधीही लावायचे नाही. साधे तेल म्हणजे बदामाचे, तिळाचे, खोबरेल किंवा होहोबा. होहोबाची लागवड आपल्याकडे नेगेवमध्ये होते. ते लवकर खवट होत नाही आणि त्याला स्वतःचा वास फारसा नसतो, म्हणून अत्तराला सोयीचे. तिळाच्या तेलाचा वास वर येतो, आणि खोबरेल थंडीत थिजते. बदामाची किंवा तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी ती तेले टाळावीत.

प्रमाण किती ठेवायचे? निरोगी मोठ्या माणसाला अंगावर लावायच्या तेलात साधारण २ टक्के अर्क चालतो. आपल्या वयाला १ टक्का पुरे. वय झाले की कातडी पातळ आणि कोरडी होते, आणि एकदा दुखावली की भरून यायला वेळ लागतो. नवीन अर्क पहिल्यांदा वापरत असाल तर अर्ध्या टक्क्याने सुरुवात करा.

आता टक्क्यांचे थेंब कसे करायचे? एक मिलीमध्ये साधारण २० थेंब धरतात. त्यावरून सोपा नियम निघतो :

बाटलीचे मिली गुणिले टक्के, भागिले ५ = थेंब.

दहा मिलीची बाटली, १ टक्का : १० गुणिले १ म्हणजे १०, भागिले ५ म्हणजे २ थेंब. दहा मिलीला २ टक्के हवे तर ४ थेंब. तीस मिलीला १ टक्का म्हणजे ६ थेंब. एवढेच. आणि हे सगळे अर्क मिळून. गुलाबाचे दोन, चंदनाचे दोन, वाळ्याचे दोन असे घातले तर ते सहा झाले, दोन नव्हेत.

मावशींनी दहा मिलीत २० थेंब घातले होते. म्हणजे १० टक्के. एक टक्क्याच्या हिशोबाने त्यांना १०० मिलीची बाटली लागली असती.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळ्यांचे ड्रॉपर सारखे नसतात. पातळ तेलाचे थेंब लहान पडतात, वाळ्यासारख्या दाट तेलाचे मोठे. फार्मसीतून सुई नसलेली १ मिलीची सिरिंज आणा. मुलांचे औषध मोजायला देतात ती चालेल. आपल्या ड्रॉपरचे किती थेंब पडले म्हणजे १ मिली भरते, ते एकदा मोजून बाटलीवर लिहून ठेवा. २० च्या आसपास आले तर वरचा नियम चालेल. फार वेगळे आले तर सरळ सिरिंजनेच मोजा : १०० मिलीला १ टक्का म्हणजे १ मिली.

दुसरे गणित : प्रत्येक अर्काची स्वतःची मर्यादा

इथेच बहुतेकांची चूक होते. एकूण थेंब बरोबर असले तरी काही अर्क इतके तिखट असतात की त्यांची स्वतंत्र मर्यादा पाळावी लागते. सुगंध बनवणाऱ्या कारखान्यांची जागतिक संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. ती अशा मर्यादा ठरवते. रॉबर्ट टिसरँड आणि रॉडनी यंग यांच्या अर्क-तेलांच्या सुरक्षिततेवरील ग्रंथात, २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीत, त्वचेवर लावायची कमाल मर्यादा अशी दिली आहे :

दालचिनीच्या सालीचे तेल : ०.०७ टक्के
बर्गमोट, साल दाबून काढलेले : ०.४ टक्के
लवंग, कळीचे : ०.५ टक्के
दालचिनीच्या पानाचे : ०.६ टक्के
गुलाब, वाफेवर काढलेले : ०.६ टक्के
गवती चहा : ०.७ टक्के
कागदी लिंबू, साल दाबून काढलेले : ०.७ टक्के
चंदन : २ टक्के
पिवळे मोठे लिंबू, साल दाबून काढलेले : २ टक्के

निरनिराळ्या याद्यांत आकडे थोडे पुढेमागे असतात. दोन दिसले तर लहान तो धरा. आणि हे आकडे ‘याच्या वर जाऊ नका’ असे सांगतात. तेवढे घातलेच पाहिजे असे नाही.

आता ०.४ टक्के म्हणजे किती, हे डोक्यात बसत नाही. म्हणून तेच गणित उलटे करा :

५ भागिले मर्यादा = एका थेंबाला लागणारे तेल, मिलीमध्ये.

लवंग : ५ भागिले ०.५ म्हणजे १०. लवंगेच्या एका थेंबाला निदान १० मिली तेल हवे. बर्गमोट : ५ भागिले ०.४ म्हणजे साडेबारा मिली. म्हणजे दहा मिलीच्या बाटलीत बर्गमोटचा एक थेंबही जास्त होतो! गवती चहा आणि कागदी लिंबू : साधारण ७ मिली. गुलाब : साधारण साडेआठ मिली. आणि दालचिनीच्या सालीचा एक थेंब? ५ भागिले ०.०७ म्हणजे ७१ मिलीहून जास्त. मी तर सांगेन, दालचिनीच्या सालीचे तेल अत्तरात घालूच नका. दालचिनी पुलावात घाला.

थेंबापेक्षा कमी हवे असेल तर आधी पातळ करून ठेवायचे. रिकाम्या छोट्या बाटलीत अर्काचा १ थेंब आणि साध्या तेलाचे ९ थेंब मिसळा. या मिश्रणाचा एक थेंब म्हणजे मूळ अर्काचा दहावा भाग. बाटलीवर ‘दहावा भाग’ असे ठळक लिहा, नाहीतर उद्या आपणच फसू.

तिसरे गणित : सख्खे भाऊ एकत्र मोजा

काही अर्कांत एकच तिखट पदार्थ असतो. लवंग आणि दालचिनीचे पान या दोन्हींत युजेनॉल असते. बर्गमोट, कागदी लिंबू आणि पिवळे लिंबू, साल दाबून काढलेले असले, तर तिन्हींत असे पदार्थ असतात जे उन्हात कातडी भाजतात. म्हणून अशांची जागा वेगवेगळी नाही, एकत्र मोजायची. प्रत्येक थेंबाला लागणारे मिली काढा आणि बेरीज करा. बेरीज बाटलीत मावली पाहिजे.

उदाहरण : बर्गमोटचा १ थेंब, साडेबारा मिली. कागदी लिंबाचा १ थेंब, सुमारे ७ मिली. बेरीज साडेएकोणीसच्या वर. म्हणजे दोन्ही घालायचे तर बाटली निदान २० मिलीची हवी.

मावशींचे बर्गमोटचे पाच थेंब म्हणजे साडेबासष्ट मिली, लिंबाचे पाच म्हणजे जवळजवळ ३६ मिली. बेरीज सुमारे ९८. पहिल्या गणितात १०० मिली आले होते, इथेही जवळजवळ १०० च आले. कृती चुकली नव्हती, बाटली दहापट लहान होती.

ऊन ही आपली खास अडचण

बर्गमोट म्हणजे अर्ल ग्रे चहाला ज्याचा वास येतो ते फळ. त्यातला बर्गाप्टेन नावाचा पदार्थ सूर्याच्या अतिनील किरणांनी जागा होतो आणि कातडी भाजतो. शंभर वर्षांपूर्वी युरोपात कोलोन लावणाऱ्यांच्या मानेवर लोलकाच्या आकाराचे तपकिरी डाग दिसत. म्हणून डॉक्टरांनी त्या आजाराला लोलकासाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून ‘बर्लोक’ असे नाव दिले. फोड बरे होतात, पण डाग जायला कित्येक महिने लागू शकतात.

बेरशेबा, दिमोना, अश्दोद, सगळीकडे आपले ऊन कडक. म्हणून साल दाबून काढलेल्या लिंबांचे अत्तर मर्यादेपेक्षा जास्त असेल तर लावल्यावर निदान १२ तास त्या जागेवर ऊन पडू देऊ नका. त्याहून सोपा उपाय : बर्गाप्टेन काढून टाकलेले बर्गमोट किंवा वाफेवर काढलेले लिंबू विकत घ्या. गोड संत्रे आणि मँडरिनच्या तेलांना ही उन्हाची अडचण नाही. बाटलीवर नीट वाचा, वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारा.

औषधे घेणाऱ्यांनी काय जपावे

रक्त पातळ करणारी वॉर्फरिन, म्हणजे इथली कुमादिन, चालू असेल तर विंटरग्रीन म्हणजे गंधपुरा तेल अंगाला लावू नका. त्यातले मिथाइल सॅलिसिलेट कातडीतून रक्तात जाते आणि औषधाचा परिणाम वाढवते. रक्तस्राव होऊ शकतो. सांधे चोळण्याच्या अनेक बामांतही ते असते. बामाची डबी घेऊन कुपत होलिमच्या डॉक्टरांना दाखवा आणि विचारा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनीही ते टाळावे.

दमा असेल तर अत्तर स्वतःच्या कपड्यालासुद्धा विचार करून लावा, आणि सिनॅगॉगमध्ये शेजारी दम्याचा माणूस बसतो हेही आठवा. घरी ऑक्सिजन चालू असेल तर चेहऱ्याजवळ तेल किंवा अल्कोहोल असलेले काहीही लावू नका. आगीचा धोका असतो.

आगीवरून आणखी एक. कोणी तेलाऐवजी अल्कोहोलमध्ये अत्तर करतात. गणित तेच. पण शुक्रवारी संध्याकाळी नहाणे, नवी साडी, अत्तर आणि लगेच शब्बाथचे दिवे, असे करू नका. अल्कोहोल ज्योतीने पेट घेते. अत्तर आधी लावा, हात धुवा, अंगावरचे पूर्ण वाळू द्या, मग दिवे लावा. बाटली दिव्यांपासून दूर, बूच बंद.

आंघोळीच्या पाण्यात अर्क टाकू नका. तो पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतो आणि नेमका नाजूक जागी लागतो.

नातवंडे घरी आली की

या बाटल्यांना वास गोड आणि बूच लहान. मुले तोंडाला लावतात. एक चमचा विंटरग्रीनमध्ये जवळजवळ २० हून जास्त ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतका जोर असतो. कापूर आणि निलगिरी पोटात गेले तर मुलाला आकडी येऊ शकते. म्हणून बाटल्या कुलपात ठेवा, पर्समध्ये नको. लहान मुलाच्या नाकाशी किंवा चेहऱ्यावर निलगिरी, कापूर लावू नका, आपल्या लहानपणी लावत असले तरी.

मुलाने अर्क गिळला तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. उलटी होताना तेल फुप्फुसात जाऊ शकते. ताबडतोब १०१ ला फोन करा. हैफाच्या रंबाम रुग्णालयात विषबाधा माहिती केंद्रही आहे. त्याचा नंबर दवाखान्यातून घेऊन फोनशेजारी चिकटवून ठेवा. डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने १५ मिनिटे धुवा. अंगावर तसेच सांडले तर आधी साध्या तेलाने पुसून घ्या, मग साबणाने धुवा.

लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर

तयार अत्तराचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास वाट पाहा. खाज, लाली, पुरळ आले तर ती बाटली आपली नव्हे. खरचटलेल्या जागी, इसब असलेल्या जागी, तोंडावर लावू नका.

अर्क जुना झाला की हवेने बदलतो आणि तेव्हा ॲलर्जी जास्त होते, विशेषतः लिंबूवर्गीय तेलांची. गडद काचेची बाटली, थंड जागा, उघडल्याची तारीख लिहिलेली. लिंबू-संत्र्याचे उघडून वर्ष झाले की अत्तरातून बाद.

सुवास अंगावरच हवा असेही नाही. ज्यांना काही सोसत नाही त्यांनी कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकून कपाटात ठेवावा. हवदालाच्या वेळी हुंगायला तर घरातली लवंग किंवा सब्जाची डहाळी पुरते, त्याला गणितही नको.

एक सोपी कृती

२० मिली होहोबा तेल. त्यात चंदन २ थेंब, वाळा १ थेंब, गुलाब १ थेंब. एकूण ४ थेंब : २० गुणिले १, भागिले ५. म्हणजे १ टक्का. गुलाबाच्या एका थेंबाला साडेआठ मिली हवे होते, २० आहेत. चंदनाच्या एका थेंबाला अडीच मिली, दोन थेंबांना पाच, तेही आहेत. यात उन्हाचे भांडण नाही. आठवडाभर अंधारात ठेवा, वास जुळून येतो.

मावशींच्या नातीचे लग्न ठरल्या दिवशीच झाले. फोटोत पदर मानेवरून ओढलेला दिसतो. डागाला जायला पुढचा हिवाळा लागला. मावशींनी अत्तर करणे सोडले होते. मीच त्यांना पुन्हा बसवले, सिरिंज आणि वही घेऊन. आता त्यांच्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असते : किती मिली, कोणता अर्क, किती थेंब, कोणती तारीख. परवा नातीने स्वतःहून एक बाटली मागितली. मावशींनी आधी तिला चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली, मगच हातात दिली.